वाचकांचे प्रश्न : पाठवणीसाठी एक तास राखून ठेवा

तुळशीचे लग्न लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या खेपेला मांडव, पंगती आणि मानपान यांच्यापेक्षा पाठवणीबद्दलचे प्रश्न अधिक आले, आणि ते जळगाव, धुळे व नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून आले, म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आठ दिवसांनी आमच्या गावी, घरासमोर मांडव घालून होणार आहे. मुहूर्त दुपारी साडेबाराचा आहे. वरपक्ष मूळचा शिंदखेड्याकडचा, पण बऱ्याच वर्षांपासून सुरतेला स्थायिक आहे. वऱ्हाड बसने येऊन त्याच दिवशी परत जाणार आहे. मांडववाल्याने पाठवणीसाठी एक पॅकेज सुचवले आहे, त्यात गाडीपर्यंत दोन्ही बाजूंना कोल्ड पायरो (ठिणग्यांचे कारंजे), पेपर ब्लास्ट (चमकत्या तुकड्यांचा वर्षाव), फोमचा फवारा आणि शेवटी गॅसचे फुगे सोडणे आहे. आजीला वाटते की तिच्यासारखीच नातीचीही पाठवणी दमणीतून, म्हणजे लहान बैलगाडीतून, व्हावी. बहीण म्हणते, काहीही कर, पण कायम लक्षात राहील असे कर. खर्चाला फार वाव नाही. काय करावे?
— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : तुमच्या पत्रात मुहूर्ताची वेळ आहे आणि मांडववाल्याच्या पॅकेजचा तपशीलही आहे, पाठवणी किती वाजता निघणार, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. बहुतेक घरांत असेच होते. सगळे उरकल्यावर जो वेळ उरेल तो पाठवणीचा, अशी समजूत असल्यामुळे जेवणे लांबली किंवा आहेर लांबले की सगळी काटछाट त्याच वेळेतून होते. तेव्हा आधी पाठवणीची वेळ ठरवा, ती मुहूर्ताइतकीच पक्की माना, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना ती आत्ताच कळवा, आणि मग फुले की दिवे याचा विचार करा.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते त्याला कारण आहे. माझी स्वतःची पाठवणी एरंडोलजवळच्या आमच्या गावातून दुपारी साडेतीन वाजता झाली. बसचा चालक हॉर्न वाजवत होता, वऱ्हाडातले कोणीतरी ‘चला, चला’ करत होते आणि त्या घाईत मी गाडीत बसलेदेखील. माझी आजी त्या वेळी मागच्या पडवीत चुलीशी होती. सकाळी केलेल्या दशम्या उन्हाने कडक झाल्या असे वाटून ती माझ्या शिदोरीसाठी नव्याने दशम्या भाजत होती. फडक्यात बांधलेला पितळी डबा घेऊन ती अंगणात आली तेव्हा गाडी वेशीपाशी वळली होती. तो डबा दुसऱ्या दिवशी भावाबरोबर माझ्या सासरी आला. फडक्याची गाठ तशीच होती, तिने ती कोणालाही सोडू दिली नव्हती. आजी त्यानंतर पाच वर्षे होती आणि आमच्या भेटी अनेकदा झाल्या, तरी तो निरोप राहिला तो राहिलाच.

आता तुमच्या लग्नाचा हिशेब शेवटाकडून मांडू. साडेबाराला लग्न लागले तर पहिली पंगत दीडच्या सुमारास बसेल आणि शेवटची चार-साडेचारपर्यंत उठेल. लांबचा प्रवास आहे म्हणून तीन वाजता निघण्याचा आग्रह वरपक्षाने धरला तर त्यांना नम्रपणे समजावून सांगा, कारण त्या दिवसांत आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो, आणि शालू, दागिने व मुंडावळ्या अंगावर असलेल्या, सकाळपासून धड न जेवलेल्या मुलीला त्या उन्हात उभे करणे कोणाच्याच हिताचे नाही. साडेसहाची वेळ धरा. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ऊन उतरलेले असेल आणि उजेड शिल्लक असेल. सुरतेचा रस्ता अडीचशे किलोमीटरांच्या आसपासचा आहे आणि धुळ्यावरून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने जाताना कोंडाईबारीचा घाट रात्रीच उतरावा लागेल. म्हणून बसचा आणि नवरा-नवरीच्या गाडीचा, असे दोन्ही चालक वेळेवर जेवून दुपारी दोन-तीन तास झोपतील अशी एक खोली, कूलरसह, त्यांच्यासाठी राखून ठेवा. पाठवणीच्या तयारीतले हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. ते ज्याच्याकडे सोपवायचे तो माणूस आजच ठरवा आणि त्याला दुसरे काहीही सांगू नका.

साडेपाच ते साडेसहा हा तास बहिणीचा. त्याआधी तिचे सामान गाडीत गेलेले असावे, तिने शालू बदलून सुती साडी आणि सपाट चपला घातलेल्या असाव्यात, चार घास खाल्लेले असावेत आणि पाणी प्यालेले असावे. तिचे ओळखपत्र, फोनचा चार्जर, रोजची औषधे आणि थोडी रोख रक्कम एका लहान पिशवीत तिच्याच हाताशी असू द्या, कारण बॅगा बसच्या डिकीत खाली गेल्या की सुरतेपर्यंत त्या सापडत नाहीत. ज्यांचा निरोप घ्यायचा त्यांची नावे बहिणीलाच कागदावर लिहायला सांगा आणि तो कागद एखाद्या चुलत बहिणीच्या हाती द्या. सुरुवात घरात बसून असलेल्या म्हाताऱ्या माणसांपासून करावी, कारण त्यांना मांडवातल्या गर्दीत येता येत नाही आणि गाडी निघताना त्यांची आठवण कोणालाही होत नाही. नंतर शेजारीण, शाळेतल्या मैत्रिणी आणि आखाजीला ज्याचे साल नुकतेच नवे झाले तो सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, व त्याची बायको. तिला लहानपणी शेतात कडेवर घेऊन फिरणारी ती माणसे ओट्याच्या कोपऱ्यात उभी असतात आणि बोलावल्याशिवाय पुढे येत नाहीत. त्यानंतर मामा, मावशी, आत्या, काका-काकू. आई-वडील सर्वांत शेवटी, आणि तेही मांडवात नव्हे, घरात देवापाशी, दार लोटून घेऊन. पाच मिनिटे ती तिघेच असू द्या. बाहेर आल्यावर तिला गाडीपर्यंत नेण्याचे काम भावाचे, म्हणजे तुमचे.

या संपूर्ण तासात जावई तिच्या सोबत असावेत. नवरदेवाला गाडीजवळ ताटकळत उभे करण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही. आजीच्या पाया दोघांनी मिळून पडावे, आजीने त्यांचा हात हातात घेऊन चार शब्द बोलावेत, आणि सालदाराची ओळख तुमच्या बहिणीने स्वतः त्यांना करून द्यावी. ती ज्या घरातून आली ते घर त्यांना तेवढ्या वेळात जितके समजेल तितके पुढे दिवसेंदिवस सांगूनही समजणार नाही.

छायाचित्रकाराला आधीच सांगून ठेवा की या तासात त्याने दहा पावले मागे राहायचे, प्रखर दिवा लावायचा नाही आणि कोणालाही ‘पुन्हा एकदा’ म्हणायचे नाही. एका लग्नात मी असे पाहिले आहे की आईने लेकीच्या गालावरून हात फिरवला तो क्षण नीट टिपला गेला नाही म्हणून त्या माऊलीला तेच पुन्हा करायला लावले. तिने केलेही, पण त्यानंतर ती लेकीकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहत राहिली.

आता पॅकेजबद्दल. माझा सल्ला ते सगळेच नाकारण्याचा आहे आणि त्यामागे केवळ परंपरेचे प्रेम नाही. कोल्ड पायरो नावाने थंड असले तरी त्या यंत्रातून धातूची तापलेली पूडच उडते आणि यंत्राच्या तोंडाशी ती भाजण्याइतकी गरम असते. साधी फुलबाजीसुद्धा १,००० अंश सेल्सिअसच्या वर जळते. वैशाखात गावातल्या मांडवाजवळ कडब्याची गंज असते, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग असतो, वर वाळलेले कापडी छत असते आणि बायकांच्या अंगावर कृत्रिम धाग्याच्या साड्या असतात. फोमच्या डब्यात फेस बाहेर फेकण्यासाठी वापरलेला वायू बहुधा ज्वलनशील असतो, म्हणजे ठिणग्या आणि फोम हे दोन्ही एकाच पॅकेजमध्ये असणे हीच चूक आहे. स्वस्त पडतो म्हणून फुग्यांत अनेकदा हायड्रोजन भरतात आणि तो भडकन पेटतो. पेपर ब्लास्टमधले चमकणारे तुकडे कागदाचे नसतात, प्लास्टिकचे असतात. ते वाऱ्याने गोठ्यात आणि चाऱ्यात जातात आणि गुरांच्या पोटात जातात. लग्नानंतर ते वेचत बसायला तुमच्या घरी कोणाला सवड असणार?

त्याऐवजी फुले घ्या. दोन्ही बाजूंना मिळून सत्तर माणसे उभी राहिली आणि प्रत्येकाला एक ओंजळ दिली तर झेंडू-शेवंतीच्या तीन किलो पाकळ्या पुरतात. त्या सकाळी सोडवून ठेवू नयेत, सुकून काळ्या पडतात. फुले ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावीत आणि पाच वाजता घरातल्या मुलांना बसवून पाकळ्या सोडवून घ्याव्यात. गुलाबाच्या ओल्या पाकळ्यांवरून पाय घसरतो आणि सुती साडीवर डाग पडतो, म्हणून त्या टाळलेल्या बऱ्या. पाकळ्या डोक्यावरून हलक्या हाताने टाकायच्या असतात, तोंडावर मारायच्या नसतात, हे मुलांना आधी सांगा.

आणखी एक गोष्ट सुचवते. तुमच्या भाऊबंदांच्या घरांत माळ्यावर, फडताळात जुने कंदील अजून असतील. प्रत्येक घरातून एक मागून आणा. काचा राखेने घासून घ्या. रॉकेल आता सहज मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. आत बॅटरीवर चालणारा लहान दिवा ठेवला तरी काचेतून उजेड तसाच पिवळा पडतो. मांडवापासून वेशीपर्यंत गल्लीच्या दोन्ही कडांना वीस कंदील ओळीने मांडले, आणि कोणता कंदील कोणाच्या घरचा हे बहिणीला चालता चालता सांगितले, तर तिला तिचे गाव दारादाराने निरोप देईल. यासाठी खर्च जवळजवळ नाही. तुमच्या बहिणीला ‘कायम लक्षात राहील’ असे हवे आहे ते हेच असावे, असे मला वाटते.

आजीची इच्छा पुरी करण्यासारखी आहे, मात्र मांडवापासून वेशीतल्या मारुतीपर्यंतच, पुढे गाडी. दमणी आणि बैलजोडी ज्याची असेल त्यानेच हाकावी, नवरदेवाच्या हाती कासरा देण्याचा हट्ट कोणी करू नये. बैल गर्दीला आणि वाद्यांना बुजतात, म्हणून लग्नाच्या दोन दिवस आधी त्याच वाटेवर, त्याच वेळी, संबळ किंवा बँड वाजत असताना एकदा जोडी फिरवून पाहा. बैल कान टवकारून अंग चोरू लागले तर हा बेत मुकाट्याने सोडून द्या आणि दमणी माणसांनी ओढावी. वाद्ये बैलांच्या पुढे किमान तीस-चाळीस पावले असावीत, फटाका एकही वाजू नये आणि ड्रोन डोक्यावर घिरट्या घालू नये. झूल सुती घ्यावी, निघण्याआधी बैलांना पाणी पाजावे. डांबरी रस्ता सहा वाजतासुद्धा तापलेला असतो, तेव्हा गल्लीतल्या मातीच्या वाटेनेच जावे. साडी सावरत दमणीत चढणे सोपे नसते, म्हणून एक भक्कम पाट किंवा स्टूल आणि हात द्यायला मामा, अशी दोन्हींची सोय ठेवा. आजीला दमणीत नातीशेजारी बसवा. वेशीपर्यंत तीच पाठराखीण.

वाद्ये वेशीवर थांबवा. तिथे बायकांना अहिराणी गाणी म्हणू द्या. म्हणणाऱ्या दोघी-तिघीच उरल्या असतील, पण त्यांना आधी सांगून ठेवले तर त्या मनापासून म्हणतात, आणि एवढा वेळ लाउडस्पीकर बंद असला तरच त्यांचा आवाज कानावर पडतो. शिदोरी नवरीच्या हातात द्या, डिकीत नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांजोऱ्या उन्हातल्या प्रवासातही टिकतात. पुरणाचे मांडे आजीला कितीही द्यावेसे वाटले तरी त्या उकाड्यात रात्रीपर्यंत ते आंबतील. यंदाची आखाजी लग्नाआधी होऊन गेलेली असल्यामुळे ‘आखाजीले येजो व माय’ हे शब्द या वर्षी नुसतेच बोलायचे राहतील, म्हणून मुऱ्हाळी म्हणून तुम्ही तिला आणायला नेमके कोणत्या तारखेला जाणार हे सुरतेच्या मंडळींशी आधी ठरवा आणि गाडीचे दार लावताना तिला ती तारीख सांगा. सासरी निघालेल्या मुलीला त्या घटकेला सर्वांत जास्त आधार त्या तारखेचाच वाटतो.

प्रश्न : मी धुळ्यात शिक्षिका आहे. वडील जाऊन सहा वर्षे झाली. आईने शिवणकाम करून आम्हा दोघी बहिणींना शिकवले. पाठवणीच्या वेळी माझी ओटी सवाष्णीनेच भरावी, असे काकूंचे म्हणणे आहे आणि आईदेखील ‘मी मागे उभी राहीन, वाद नको’ असे म्हणते. मला हे सहन होत नाही. दुसरे असे, की मला गाडीत बसताना रडायचे नाही. मैत्रिणी म्हणतात ते वाईट दिसते. मी काय करू?
— एक वाचक, धुळे

उत्तर : तुमची ओटी तुमच्या आईनेच भरावी, आणि सर्वांत आधी भरावी. हे माझे केवळ मत नाही; कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे, असे सांगितले. ज्या आईने मशीन चालवून मुलींना उभे केले तिच्या हाताला अशुभ म्हणणे हे शासनाने सांगण्याआधीही चूकच होते, पण काकूंशी बोलताना या ठरावाचा दाखला तुम्हाला उपयोगी पडेल.

मात्र हा प्रश्न पाठवणीच्या घटकेला मांडवात सोडवायचा नाही. त्या वेळी कोणी काही बोलले तर आई स्वतःच मागे सरकेल, आणि तेच तुम्हाला टाळायचे आहे. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी होणाऱ्या सासूबाईंना फोन करा आणि त्यांना मोकळेपणाने सांगा, की माझी ओटी आई भरणार आहे, त्या वेळी तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहाल का? माझ्या पाहण्यातल्या दोन लग्नांत असे विचारले गेले आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी स्वतः पुढे होऊन विहीणबाईंचा हात धरून त्यांना पाटापाशी आणले. त्यानंतर मांडवातल्या एकाही बाईने शब्द काढला नाही. काकूंना वगळू नका. त्यांच्या मनात दुष्टावा नसतो, भीती असते. आईने ओटी भरल्यावर दुसरी ओटी काकूंची, असे त्यांना आधी सांगा आणि साडी-खण निवडायलाही त्यांनाच सोबत न्या. आईला मात्र विचारू नका; विचारले की ती नकारच देईल. ओटीचे तांदूळ, नारळ, खण, हळकुंड आणि सुपारी आदल्या रात्री तिच्याच हातांनी ताटात काढून घ्या आणि ‘हे ताट तूच आणायचे आहेस’ एवढेच सांगा.

रडण्याबद्दल इतकेच लिहिते, की ते ठरवून आणायचे नसते आणि ठरवून थोपवायचेही नसते. हसत गेलात तर कोणाचाही अपमान होत नाही. जुन्या बायका रडत, कारण दहा-बारा वर्षांची पोर पाच कोसांवर गेली की सणावारापर्यंत तिची खबर मिळत नसे. तुम्ही नोकरी करणाऱ्या आहात, स्वतःच्या पसंतीने लग्न करत असाल तर आनंद चेहऱ्यावर दिसणारच. फक्त तुमच्या आईला रडू आले तर ‘आई, रडायचं नाही हं’ असे म्हणून तिला गप्प करू नका. तिला रडू द्या आणि तुम्ही तिच्याजवळ उभ्या राहा. बहिणीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की गाडी निघाल्यानंतरची रात्र तिने आईच्याच खोलीत झोपायचे आहे. तिघींच्या घरात दोघीच उरतात तेव्हा भांडी, खुर्च्या आणि मांडववाल्याचा हिशेब यांसाठी एखादा मामेभाऊ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबवून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघे विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करणार आहोत. नोटीस दिलेली आहे. सही झाल्यावर घरी पंधरा-वीस माणसांचे जेवण आहे आणि त्याच संध्याकाळी नंदुरबार स्थानकावरून आम्ही गाडीने निघणार आहोत. विधी काहीच नसल्यामुळे आई म्हणते, ‘पाठवणी झाल्यासारखे वाटणारच नाही.’ स्थानकावर काही करता येईल का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : १९५४ च्या त्या कायद्यात ३० दिवसांची नोटीस आणि ३ साक्षीदार लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला त्या साक्षीदारांपासूनच सुरुवात करावीशी वाटते. शक्य असेल तर दोन्हीकडच्या आयांना साक्षीदार करा. लग्नात आईला लेकीसाठी काहीतरी आपल्या हाताने करावेसे वाटते, आणि सरकारी नोंदवहीत लेकीच्या नावाखाली आपले नाव लिहिणे हे काही लहान काम नाही.

स्थानकावर मात्र फार काही योजू नका. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्या तिथे काही मिनिटेच थांबतात, आणि ती मिनिटे डबा शोधण्यात, सामान चढवण्यात आणि खिडकी गाठण्यात जातात. फुले उधळली तर फलाटावर घसरण होते, आणि फटाक्यासारखी ज्वलनशील वस्तू रेल्वेच्या हद्दीत नेणे हा गुन्हा आहे. खरी पाठवणी घरीच करा. जेवणे झाल्यावर सर्वांनी गोल करून बसावे आणि प्रत्येकाने तुम्हा दोघांना एक वस्तू द्यावी, पण ती विकत आणलेली नसावी, घरातली असावी. एखाद्या आत्याकडची पुरणाची चाळणी असेल, वडिलांचे जुने पेन असेल, मैत्रिणीने ठेवलेली तुमची शाळेतली वही असेल. देताना प्रत्येकाने तिची हकिकत सांगावी. वीस माणसांना यासाठी दीड तास लागेल, म्हणून जेवण दुपारी एकलाच वाढा. वस्तू लहान असाव्यात हे आधी कळवा, नाहीतर कोणीतरी मांडे भाजायचे खापर घेऊन येईल आणि गाडीत ते सांभाळायचे कसे, हा प्रश्न पडेल.

फलाटावर आई-वडील, भाऊ आणि आणखी दोघे-तिघे पुरेत. त्यांची फलाट तिकिटे काढायला विसरू नका. भावाने गाडी येण्याआधीच डबा कुठे लागतो ते विचारून सामान त्या जागी नेऊन ठेवावे. आई मोकळ्या हाताने यावी. तिच्या हातात पाण्याची बाटली, डबा, पिशवी असे काही दिले की गाडी हलेपर्यंत ती तेच देत-घेत राहते आणि लेकीकडे पाहायचे राहून जाते. डबा आधीच तुमच्या बॅगेत ठेवा. गाडी सुटल्यावर दारात उभे राहून हात हलवू नका, खिडकीशी बसा. आईला तिथे तुम्ही दिसाल आणि तिच्या जिवाला घोर लागणार नाही.

प्रश्न : आमची सून नाशिकची आहे. पाठवणी तिकडून संध्याकाळी निघेल आणि गाडी आमच्याकडे रात्री अकरानंतर पोचेल. मुलाच्या मित्रांनी घराजवळ बँड आणि आतषबाजी ठरवली आहे. दारात काय काय करावे?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत लाउडस्पीकर आणि वाद्ये उघड्यावर वाजवण्यास ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे, म्हणून बँड दुसऱ्या दिवशीच्या पूजेला ठेवा आणि मित्रांना तसे आत्ताच सांगा. इतका प्रवास करून आलेल्या मुलीला त्या वेळी वाद्ये नको असतात. दारात रांगोळी, एक समई, मापात तांदूळ आणि तुम्ही, एवढे पुरे. भाकर-तुकडा ओवाळून टाका, माप ओलांडू द्या, आणि नाव घेण्याचा आग्रह सकाळपर्यंत राहू द्या. घरात येताच तिला स्नानघर दाखवा, कारण ते विचारायला तिला संकोच वाटेल. गरम वरण-भात तयार असू द्या. सोबत आलेल्या पाठराखिणीची झोपायची सोय त्या रात्री सुनेच्या जवळच्याच खोलीत करा.

आणि जेवणाआधी तिला तिच्या माहेरी फोन करू द्या. पोचल्याचा निरोप मुलाने गाडीतूनच दिला असला तरी तिने स्वतः बोलावे, आणि त्या वेळी खोलीत दुसरे कोणी नसावे. दार तुम्ही बाहेरून लोटून घ्या आणि ती हाक मारेपर्यंत ताट वाढू नका.